जुन्या वर्तमानपत्रांचे डिजिटायझेशन: गठ्ठा सोडण्यापासून शोध लागेपर्यंत

मे महिन्यातल्या दुपारी जळगाव किंवा भुसावळच्या वाचनालयात १९३०-४० च्या काळातला वर्तमानपत्राचा बांधीव खंड उघडला, की पान उलटताना शिवणीपाशी सुकलेला पाला चुरगळावा तसा बारीक आवाज येतो. पान तुटलेले असते आणि टेबलावर तांबूस भुगा पडतो. तोच खंड भाद्रपदात उघडला तर तेच पान वाकते, पण सहसा तुटत नाही. खानदेशात हे काम हाती घेणाऱ्याने सगळ्यात आधी हा फरक समजून घ्यावा.

वर्तमानपत्राचा कागद लाकूड दळून केलेल्या लगद्याचा असतो. त्यातले लिग्निन (लाकडाचे तंतू जखडून ठेवणारे द्रव्य) काढलेले नसते. उजेड आणि हवा लागून ते पिवळे पडते, कागदात आम्ल तयार होत राहते आणि ते आम्ल कागदाचे तंतू आतून तोडते. उष्णतेने ही क्रिया वाढते. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि हवेत ओल जवळपास नसते, म्हणून आधीच दुबळा झालेला कागद पापडासारखा कडक होतो. नाजूक खंडांचे काम म्हणूनच सप्टेंबर ते नोव्हेंबर या काळात ठेवावे. पावसाचा जोर ओसरलेला असतो, बुरशीचा धोका कमी होतो आणि कागदात थोडा लवचिकपणा टिकून असतो. उन्हाळ्यात यादी करणे, फाइली तपासणे, मथळे टाइप करणे अशी कामे करावीत. उन्हाळ्यात कॅमेरा चालवावाच लागला तर सकाळी सात ते अकरा या वेळेत, आणि कूलरचा झोत टेबलाकडे न ठेवता. कूलरची ओली हवा पानाला लहरी आणते आणि तुटलेले तुकडे उडवून नेते.

कॅमेऱ्याआधी यादी

पैसे मंजूर झाले की पहिला विचार यंत्राचा होतो. तो चुकीचा क्रम आहे. डिजिटायझेशनचा निम्मा दर्जा यादीत ठरतो. यादी न करता काढलेल्या वीस हजार फोटोंमधून एका तारखेचा अंक शोधणे हे खंड चाळण्याहून अवघड असते, आणि तोपर्यंत खंड पुन्हा चाळण्याच्या अवस्थेत राहिलेला नसतो.

यादी अंकवार करा, खंडवार नको. प्रत्येक अंकाला एक ओळ. रकाने असे: खंड क्रमांक, छापील वर्ष आणि अंक, छापील तारीख, वार, शके आणि मिती, छापील पाने, प्रत्यक्ष पाने, पुरवणी, अवस्था, शेरा. अवस्थेसाठी तीनच दर्जे पुरतात: १ म्हणजे धड, २ म्हणजे कडा फाटलेल्या किंवा घडी कमजोर, ३ म्हणजे हात लावला की तुटतो. दर्जा ३ चे अंक सर्वांत कुशल माणसाकडे आणि योग्य हंगामात जावेत, एवढाच या रकान्याचा उपयोग, पण तो मोठा आहे.

तारखांत फसायला होते. अनेक जुन्या अंकांवर शके ठळक आणि इसवी सन बारीक असतो, किंवा तो भाग फाटलेला असतो. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो. पण शक गुढीपाडव्याला बदलतो, म्हणून १ जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या अंकांसाठी ७९ मिळवावे लागतात. हे विसरले की दरवर्षीचे पहिले अडीच-तीन महिने एक वर्ष मागे जातात आणि ती चूक सगळ्या फाइलींच्या नावांत मुरते.

वाराचा रकाना तारखेचा साक्षीदार म्हणून आहे. फैजपूरचे काँग्रेस अधिवेशन भरले त्या दिवसांतला, म्हणजे २७ डिसेंबर १९३६ चा अंक असेल तर त्यावर रविवार हवा. सोमवार छापलेला दिसला तर तारीख किंवा वार यांपैकी एक चूक आहे. मागचा आणि पुढचा अंक पाहून निर्णय घ्या, पण छापील मजकूर आहे तसा एका रकान्यात आणि ठरवलेली तारीख दुसऱ्या रकान्यात लिहा. छापील चूक गुपचूप सुधारू नका. जुन्या पुस्तकांत त्या अंकाचा संदर्भ चुकीच्या तारखेनेच दिलेला असू शकतो आणि वाचक तीच तारीख घेऊन तुमच्याकडे येईल.

नसलेल्या अंकाचे दोन प्रकार असतात: अंक निघालाच नाही, आणि अंक निघाला पण आपल्याकडे नाही. अंक क्रमांक पाहून हे बहुधा कळते. तारखांत पोकळी पण क्रमांक सलग, तर अंक निघाला नव्हता. सणाची सुटी, छापखान्यातला बिघाड, किंवा १९३१ च्या प्रेस कायद्याखाली मागितलेला जामीन न भरल्याने पडलेला खंड, अशी कारणे असतात. बंदीमुळे पडलेली पोकळी हाही इतिहासच आहे, म्हणून शेऱ्यात ती नोंदवा. दुसऱ्या महायुद्धात न्यूजप्रिंटची टंचाई होती आणि वर्तमानपत्रांची पाने घटली होती. १९४२-४५ मधला दोन पानी अंक दिसला की 'पाने गहाळ' असे लगेच लिहू नका. दुसऱ्या पानाच्या तळाशी मुद्रक-प्रकाशकाची ओळ असेल तर अंक बहुतेक पूर्ण आहे.

यादी झाली की खरी गहाळ पाने कळतात. ती घेऊन शेजारच्या संस्थांकडे विचारपूस करा: धुळ्याचे इतिहासाचार्य वि. का. राजवाडे संशोधन मंडळ, जळगावचे व. वा. जिल्हा वाचनालय, तालुक्याची जुनी वाचनालये, महाविद्यालये, वर्तमानपत्र चालवणाऱ्या घराण्यांची कपाटे. सानेगुरुजींनी १९३८ मध्ये काढलेल्या 'काँग्रेस' साप्ताहिकासारखी अल्पायुषी पत्रे एका ठिकाणी सलग सापडतीलच असे नाही. दोन-तीन ठिकाणचे अंक जोडून संच पुरा होत असेल, तर प्रत्येक अंकापुढे मूळ प्रत कुणाची हे लिहिले पाहिजे.

गठ्ठा सोडणे आणि सफाई

ब्रॉडशीटचा, म्हणजे मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचा, बांधीव खंड एकट्याने उचलू नये. त्याखाली खंडापेक्षा मोठी प्लायवुडची फळी सरकवून दोघांनी उचलावा. रेक्झिनच्या पाठीला धरून ओढलेला खंड पाठीतून फाटतो.

खंड सोडायचा की बांधलेलाच ठेवायचा, हा निर्णय शिवण पाहून करा. बऱ्याच ठिकाणी अंक एकावर एक रचून कडेने भोके पाडून शिवलेले असतात. अशा बाइंडिंगमध्ये आतल्या रकान्याची दोन-तीन अक्षरे शिवणीत जातात आणि खंड कितीही उघडला तरी दिसत नाहीत. तिथे खंड सोडावाच लागतो. दोरा सुट्टा करून, एकेक टाका कापून सोडा. छापखान्यातल्या कटिंग मशीनवर कड उडवून खंड सुटा करण्याचा मोह होतो, कारण पाच मिनिटांत काम होते. त्यात आतल्या रकान्याची अक्षरे कायमची जातात. समास चांगला असेल आणि खंड नीट उघडत असेल तर तो सोडू नका. इंग्रजी व्ही आकाराच्या आधारावर ९०-१०० अंशांत उघडा ठेवून फोटो टिपा.

सफाई मऊ, रुंद, कोरड्या ब्रशने, पानाच्या मधून बाहेरच्या दिशेने. ओले फडके नाही, खोडरबर नाही. बुरशी दिसली तर तो खंड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून वेगळा ठेवा, उघडताना एन-९५ मास्क वापरा आणि आधी हवेशीर सावलीत कोरडा होऊ द्या. ओल्या बुरशीवर ब्रश फिरवला की ती पसरते. कसर आणि वाळवीसाठी कागदावर फवारणी करू नका. रॅक भिंतीपासून हातभर पुढे ओढणे आणि वाळवीचा बंदोबस्त जमिनीत करणे जास्त उपयोगी.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही नको. काही वर्षांत टेप सुकून गळते आणि तिचा डिंक तपकिरी डाग होऊन कागदात उतरतो, तो निघत नाही. टिपण्यापुरते तुकडे जागेवर मांडून वर काच ठेवली तरी भागते. कायमची दुरुस्ती करायची असेल तर पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची किंवा मिथाइल सेल्युलोजची खळ वापरतात. कोणत्या पानाचा हे न कळलेला तुकडा टाकून देऊ नका. पाकिटात घालून वर खंड क्रमांक आणि जिथे सापडला ती तारीख लिहा. पुढे फोटो मोठे करून पाहताना त्याची जागा सापडू शकते.

घडी बसलेल्या पानावर इस्त्री फिरवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. उष्णतेने कागद आणखी कडक होतो आणि घडीवर सरळ चिरतो. पान दोन ब्लॉटिंग पेपरांमध्ये ठेवून वर सपाट फळी आणि वजन ठेवा. एका रात्रीत बहुतेक घड्या पुरेशा बसतात.

यंत्र निवडताना हिशेब

आधी पट्टी घेऊन पान मोजा. ब्रॉडशीटचे एक पान साधारण ३५ बाय ५५ सेंटिमीटर भरते, साप्ताहिके बरीच लहान असतात. ए-३ स्कॅनरची काच २९.७ बाय ४२ सेंटिमीटर असते, म्हणजे ब्रॉडशीटचे पान तिच्यावर मावत नाही. ए-२ चा सपाट किंवा वरून टिपणारा स्कॅनर चालतो. कागद आपोआप ओढून घेणारे यंत्र या कामासाठी निषिद्ध समजा.

गरज किती आहे? जुन्या खिळ्यांच्या बारीक छपाईसाठी ३०० डीपीआय (पानाच्या एका इंचात फोटोचे किती ठिपके) ही किमान पातळी आणि ४०० ही चांगली. ३५ बाय ५५ सेंटिमीटरचे पान ४०० डीपीआयला सुमारे ५,५०० बाय ८,६५० पिक्सेल होते, म्हणजे जवळजवळ ४८ मेगापिक्सेल. ३०० ला सुमारे २७. कॅमेरा २४ मेगापिक्सेलचा, ६,००० बाय ४,००० पिक्सेलचा असेल आणि पान चारी बाजूंनी थोडी जागा सोडून चौकटीत घेतले, तर प्रत्यक्षात जेमतेम २५० डीपीआय मिळतात. मथळे सुरेख दिसतात, पण कापसाच्या भावांचा तक्ता आणि जाहीर नोटिसांची बारीक अक्षरे भरून येतात. आणि संशोधकाला नेमक्या त्याच हव्या असतात. २४ मेगापिक्सेलवरच काम करायचे असेल तर पानाचा वरचा आणि खालचा अर्धा भाग वेगळा टिपा. कॅमेरा आडवा धरून ३०० डीपीआयला सुमारे ५० बाय ३४ सेंटिमीटरचा भाग येतो, म्हणजे दोन फोटोंत मधे १० सेंटिमीटरचा दुहेरी पट्टा मिळतो आणि सॉफ्टवेअर ते नीट जोडते. वेळ मात्र दुप्पट. ४५ मेगापिक्सेलच्या आसपासचा कॅमेरा एका फोटोत ३५० डीपीआय देतो. भाड्याने मिळत असेल तर तोच घ्या.

डीपीआयचा आकडा कंपनीच्या माहितीपत्रकावरून घेऊ नका. पानाशेजारी सेंटिमीटरची पट्टी ठेवून फोटो घ्या आणि संगणकावर १० सेंटिमीटर अंतर मोजा. ३०० डीपीआयला ते १,१८१ पिक्सेल भरले पाहिजे, ४०० ला १,५७५. मोबाइलच्या 'स्कॅन' अ‍ॅपचा इथे उपयोग नाही, कारण ते पान स्वतःच ताणते, पांढरे करते आणि दाबून साठवते.

कॅमेरा उभ्या स्टँडवर खाली तोंड करून पक्का बसवा. तो टेबलाला समांतर आहे का हे पाहायला पानाच्या जागी एक छोटा सपाट आरसा ठेवा आणि कॅमेऱ्यातून बघा. लेन्सचे स्वतःचे प्रतिबिंब चौकटीच्या बरोबर मध्यावर आले की कॅमेरा समांतर झाला. हा आरसा रोज सकाळी एकदा ठेवायचा. लेन्स ५० किंवा ६० मिलिमीटरची, शक्यतो मॅक्रो. छिद्र एफ-८, आयएसओ १००, फोकस हाताने, फोटो रॉ (कॅमेऱ्याने न सुधारलेल्या मूळ) स्वरूपात, आणि बटण केबलने किंवा संगणकावरून.

दिवे दोन, पानाच्या दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर, सारख्या अंतरावर. रंग खरे दाखवणारे, सीआरआय ९० च्या वरचे एलईडी घ्या. स्वस्त एलईडी विजेच्या तालावर लुकलुकतात. डोळ्यांना कळत नाही, पण फोटोत आडवे फिकट-गडद पट्टे येतात. आपली वीज ५० हर्ट्झची असल्याने शटर १/५० किंवा १/२५ सेकंद ठेवले की ते पट्टे जातात. खिडक्या पडद्यांनी बंद करा, नाहीतर ढग आला-गेला की प्रत्येक पानाचा उजेड बदलतो. कॅमेरा आणि संगणक यूपीएसवर असू द्या. पाने टिपली जात असताना वीज गेली तर अर्धवट लिहिलेल्या फाइली खराब होतात.

पान सपाट करायला काच वापरा, कडा घासलेली, पाच-सहा मिलिमीटर जाडीची. अ‍ॅक्रिलिकची शीट हलकी असते म्हणून बरी वाटते, पण पुसताना तिच्यावर स्थिर वीज साठते आणि ती पानाचे सुटे तुकडे वर ओढून घेते. काचेत कॅमेऱ्याचे प्रतिबिंब पडू नये म्हणून स्टँडवर काळे कापड लावा. टिपायच्या पानाखाली काळा कागद सरकवा. पातळ कागदावर मागच्या बाजूची छपाई पुढे उमटून दिसते. पांढऱ्या पाठीवर ती गडद होते, काळ्या पाठीवर बरीच दबते. हा काळा कागद न घातल्यामुळे पुढे मजकूर ओळखताना होणारा घोटाळा कोणत्याही सॉफ्टवेअरने सुटत नाही.

टिपण्याचा क्रम

दोन माणसे लागतात. एक पान हाताळतो, दुसरा पडद्यावर पाहतो आणि यादीत खूण करतो. दोघांची कामे दर तासाला बदला. हात स्वच्छ धुतलेले आणि कोरडे असावेत. सुती हातमोजे घालू नका, त्यांच्यात कडा अडकून फाटतात.

दिवसाचा पहिला फोटो राखाडी-पांढऱ्या-रंगीत पट्ट्यांच्या कार्डाचा. पांढऱ्या चौकोनाचे मूल्य २५५ पैकी २३५ ते २४५ यांमध्ये येईल असा उजेड ठेवा. त्याहून वर गेले तर कागदाचा पोत आणि फिकट अक्षरे जळतात. पिवळा कागद पिवळाच दिसला पाहिजे. तो पांढरा करण्याची घाई इथे नको.

प्रत्येक अंकाच्या सुरुवातीला तारखेचे मोठ्या अक्षरांतले कार्ड टिपा. मग पान १, २, ३, ४, पुरवणी. सुट्या चार पानी अंकात उघडलेल्या कागदाच्या एका बाजूला ४ आणि १, दुसऱ्या बाजूला २ आणि ३ असतात. दोन पाने एका फोटोत घेऊ नका, डीपीआय बरेच घटतात. पान नसेल तर 'पान ३ उपलब्ध नाही' असे कार्ड त्याच जागी टिपा. जाहिरातीचे पानही सोडायचे नाही, कोरे पानही नाही. जिनिंग-प्रेसिंगच्या जाहिराती, अमळनेरच्या गिरणीच्या सूचना, रावेर-यावलच्या केळीचे भाव हे अग्रलेखाइतकेच मोलाचे असतात.

जाड खंडात पाने उलटत गेलो की उजवीकडची थप्पी खाली खाली जाते. कॅमेऱ्यापासूनचे अंतर वाढते, फोकस हळूच सुटतो आणि डीपीआयही कमी होतात. दर वीस पानांनी थप्पीखाली पुठ्ठा सरकवून उंची पूर्वीइतकी करा आणि फोकस शंभर टक्के मोठा करून पाहा, चारही कोपऱ्यांत. नुसता मधला भाग पाहिला तर कडेचे रकाने धूसर राहिलेले कळत नाहीत.

या पद्धतीने दोन माणसांकडून तासाला ४० ते ६० पाने होतात, दर्जा ३ ची १५ सुद्धा जड जातात. चार तासांच्या पाळीत दोनशे पाने धरली तर चार पानी दैनिकाच्या एका वर्षाला, म्हणजे सुमारे १,४६० पानांना, सात-आठ पाळ्या लागतात. समितीला वेळापत्रक देताना हाच आकडा द्या.

तपासणी त्याच दिवशी, खंड टेबलावर असतानाच. सगळ्या फोटोंच्या लहान चित्रांवरून क्रम पाहायचा आणि दहातले एक पान पूर्ण मोठे करून वाचायचे. सापडणाऱ्या चुका ठरलेल्या असतात: एक पान दोनदा आणि पुढचे सुटलेले, काचेखाली राहिलेला दुमडलेला कोपरा, बोट, हललेला फोटो. खंड कपाटात परत गेल्यावर सापडलेली चूक दुरुस्त करायची म्हणजे पान आणखी एकदा उलटायचे.

फाइली आणि साठवण

फाइलीचे नाव असे ठेवा की नुसती नावाप्रमाणे लावली तरी काळाप्रमाणे लागतील: पत्राचे चार रोमन अक्षरांचे संक्षिप्त नाव, वर्ष, महिना, दिवस, आवृत्ती, पान. नमुना: खाप-१९३६-१२-२७-०१-००३. प्रत्यक्षात नाव लहान रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या, जागा न सोडता. देवनागरी नावे काही यंत्रणांत हलवताना मोडतात. दिवस आधी आणि वर्ष शेवटी लिहिले तर सगळ्या महिन्यांच्या एक तारखा एकत्र गोळा होतात.

जपणुकीची प्रत न दाबलेल्या टिफमध्ये (फोटोचा तपशील न गमावणाऱ्या फाइल-प्रकारात) ठेवा. साध्या पानांना राखाडी छटा पुरते; शिक्के, हस्तलिखित नोंदी, डाग किंवा रंगीत छपाई असेल तर रंगीत. ४०० डीपीआयला राखाडी पान सुमारे ४८ एमबी, रंगीत त्याच्या तिप्पट. चार पानी दैनिकाचे एक वर्ष राखाडीत ७० जीबी, दहा वर्षे ७०० जीबी. वाचकांसाठी वेगळी हलकी पीडीएफ करा, पानाला एक-दोन एमबीची. सरळ करणे, कातरणे ही कामे स्कॅनटेलरसारख्या मोफत सॉफ्टवेअरने होतात, पण ती वाचकांच्या प्रतीवर करा, मूळ टिफवर नको.

प्रती तीन: एक कामाच्या डिस्कवर, दुसरी वेगळ्या डिस्कवर कुलपात, तिसरी दुसऱ्या गावी. धुळ्यातली तिसरी प्रत पांझरेच्या त्याच काठावरच्या दुसऱ्या इमारतीत ठेवून हेतू साधत नाही. ती जळगावला किंवा नंदुरबारला जाऊ द्या आणि त्यांची तुमच्याकडे येऊ द्या. प्रत्येक फाइलीचा एसएचए-२५६ आकडा (फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ठसा) काढून यादीत ठेवा आणि दर सहा महिन्यांनी डिस्क जोडून तो पुन्हा जुळवा. कपाटात पडून राहिलेली डिस्क सुरू होईलच असे नसते; पाच वर्षे झाली की डेटा नव्या डिस्कवर हलवा. सीडी-डीव्हीडीवर भिस्त ठेवू नका.

मजकूर शोधता यावा म्हणून

फोटो झाले तरी वाचकाला 'नंदुरबार, सप्टेंबर १९४२, शिरीषकुमार' असे शोधता आले नाही तर काम अर्धेच. यासाठी ओसीआर, म्हणजे फोटोतली अक्षरे ओळखून त्यांचा मजकूर करणारे तंत्र. टेसेरॅक्ट हे मोफत सॉफ्टवेअर मराठी ओळखते, पण जुन्या खिळ्यांच्या छपाईवर ते बरेच अडखळते. शाई भरलेला 'घ' त्याला 'ध' वाटतो, 'भ' आणि 'म', 'थ' आणि 'य', 'व' आणि 'ब' यांत गोंधळ होतो, सुटा पडलेला 'ख' तर 'रव' होतो. तुटलेली शिरोरेखा दिसली की एका शब्दाचे दोन होतात.

दोन उपायांनी बराच फरक पडतो. पहिला, रकाने आधी कापून वेगळे करा. अख्खे पान दिले तर सॉफ्टवेअर डाव्या रकान्याच्या ओळीला शेजारच्या रकान्याची ओळ जोडते आणि वाक्याचा बट्ट्याबोळ होतो. दुसरा, तपकिरी डागांची पाने रंगीत टिपलेली असतील तर ओसीआरसाठी त्यांचा फक्त लाल चॅनल (फोटोतला लाल रंगाचा थर) घ्या. पिवळे-तपकिरी डाग लाल चॅनलमध्ये जवळजवळ नाहीसे होतात आणि काळी शाई तशीच राहते.

तरीही लहान वाचनालयाने सगळा मजकूर शुद्ध करण्याच्या मागे लागू नये. त्यापेक्षा प्रत्येक अंकाचे मथळे हाताने टाइप करून घ्यावेत. चार पानी अंकात ते वीस-पंचवीस निघतात. मराठी आणि ग्रंथालयशास्त्राचे विद्यार्थी हे काम चांगले करतात, आणि वाचकाला पहिल्या दिवसापासून उपयोग होतो. ओसीआरचा कच्चा मजकूर मागे राहू द्या, मथळ्यांत न सापडलेले त्यात सापडते.

आता मराठीची खास अडचण. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या छपाईत 'कांहीं', 'नाहीं', 'जळगांव', 'धुळें' असे अनुस्वार असतात. 'खानदेश' आणि 'खान्देश' दोन्ही येतात. सावरकरांच्या लिपीशुद्धीच्या प्रभावाखालच्या मजकुरात 'इ'ऐवजी 'अि', 'उ'ऐवजी 'अु' दिसतो. वाचक आजच्या पद्धतीने शोधतो आणि त्याला काहीच मिळत नाही. म्हणून दोन रकाने ठेवा: एकात मथळा मुळाबरहुकूम, दुसऱ्यात शोधासाठी आजचे रूप. सगळे अनुस्वार सरसकट पुसून टाकणारी सोपी युक्ती करू नका. त्यात 'नंदुरबार'चे 'नदुरबार' होते. बदलायच्या शब्दांची यादी करा आणि ती हळूहळू वाढवा. गावांच्या नावांसाठी सामान्यरूपेही घाला: धुळे, धुळ्यास, धुळ्यांत, धुळ्याहून. जिल्ह्यांची जुनी नावेही हवीत. १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले, आणि नंदुरबार वेगळा जिल्हा झाला तो १ जुलै १९९८ रोजी. तेव्हा १९४० च्या नंदुरबारच्या बातमीवर 'पश्चिम खानदेश' असेच असणार.

न दिसणारी एक चूक युनिकोडची, म्हणजे संगणक अक्षरे ज्या सांकेतिक क्रमांकांत साठवतो त्यांची. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' दोन वेगळ्या क्रमांनी टाइप होतो: नुक्त्याच्या 'ऱ'पासून, किंवा साधा 'र', हलन्त आणि मधे न दिसणारे जोडचिन्ह घालून. पडद्यावर दोन्ही सारखे, संगणकाला मात्र दोन वेगळे शब्द. 'अ‍ॅ'चेही तसेच. टाइप करणारे चार जण चार कीबोर्ड वापरत असतील तर शोध एकाचाच लागतो. एक रूप ठरवा आणि बाकीची दर आठवड्याला शोधा-बदला वापरून त्याच रूपात आणा.

या सगळ्यासाठी सुरुवातीला एक्सेलची नीट ठेवलेली शीट पुरते. पाच-दहा हजार पाने झाली की डीस्पेससारखी डिजिटल संग्रह सांभाळणारी प्रणाली लावा. रकाने आधीपासून नीट असतील तर शीट जवळजवळ तशीच आत जाते.

हक्क

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ च्या दुरुस्तीने एक सोय झाली आहे. अव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला स्वतःकडे असलेल्या छापील साहित्याची जपणुकीसाठी इलेक्ट्रॉनिक प्रत ठेवता येते. ती प्रत इंटरनेटवर सर्वांना खुली करणे हा वेगळा प्रश्न आहे. निनावी मजकुराचा हक्क प्रसिद्धीच्या पुढच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे टिकतो, नाव असलेल्या लेखकाचा त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे. म्हणून जुन्या अंकांपासून सुरुवात करा, पत्र अजून चालू असेल किंवा मालकाचे वारस माहीत असतील तर लेखी संमती घ्या, आणि अलीकडचे अंक वाचनालयातल्या संगणकावरच दाखवा. लैंगिक अत्याचाराच्या बातम्यांत जुन्या अंकांनी पीडितेचे नाव छापलेले असते. अशी पाने खुल्या प्रतीत झाकून ठेवा, जपणुकीच्या प्रतीत नाही.

काम बाहेरच्या एजन्सीला देत असाल तर आधी दर्जा २ आणि ३ ची पन्नास पाने नमुन्यादाखल करून घ्या. करारात टिफ फाइली, मोजून पाहिलेले डीपीआय, तुमचीच नावांची पद्धत आणि नाकारलेली पाने पुन्हा विनामूल्य करण्याची अट असू द्या. पैसे टिपलेल्या पानांचे नाही, स्वीकारलेल्या पानांचे द्या. शक्य तर काम तुमच्याच इमारतीत होऊ द्या. खंड बाहेर पाठवावे लागले तर अंकवार यादीवर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या.

मूळ अंक परत ठेवताना

फोटो झाले म्हणून मूळ रद्दीत काढू नका. ज्या पानाचा फोटो धूसर निघाल्याचे तीन वर्षांनी कळेल, त्याला दुसरा आधार नाही. सोडलेले खंड पुन्हा शिवू नका. एक-एक महिन्याचे अंक आम्लमुक्त कागदात गुंडाळून, आडवे, सपाट पेटीत ठेवा. पेटी ब्रॉडशीटच्या उघड्या पानाएवढी नसली तरी मधल्या मूळ घडीएवढी तरी हवी, म्हणजे नवी घडी पडत नाही. एका पेटीत इतकेच ठेवा की एका माणसाला ती सहज उचलता येईल. पत्र्याच्या छताखालची वरची फळी टाळा, मे महिन्यात तिथली हवा खालच्या फळीपेक्षा कितीतरी तापते. पेटीवर पत्राचे नाव, काळ, गहाळ अंक आणि टिपल्याची तारीख लिहा, आणि अंक मागणाऱ्याला आधी संगणकावरची प्रत दाखवण्याची सूचना त्याच चिठ्ठीवर असू द्या.